रडून घे, बापू

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची एक रीत होती, आणि त्या रीतीनं माझं अर्धं रक्त आटवलं. पुस्तकातली गोष्ट नुसती वाचून, अर्थ सांगून त्यांचं समाधान होत नसे. प्रत्येक पोरानं उभं राहून ती गोष्ट आपल्याच घरी घडल्यासारखी सांगायची. ‘त्याचा बाप’ नाही, ‘माझा बाप’ म्हणायचं. राजाची गोष्ट असली की आम्ही सगळे राजे. लांडग्याची असली की वर्गात बाकाबाकावर लांडगे. तोवर ठीक होतं.

ही शाळा वाशीमला. आमचं गाव आसेगाव. तिथं मराठी चार बुकं झाली की पोट्टं वखरामागं जायचं. मी गेलो नाही, कारण वाशीमला माझा मामा कापसाच्या जिनात कामाला होता आणि त्याच्याकडं राहण्याजेवण्याची सोय होती. बाबांना वाटलं, घरात एकाला तरी साहेबाचं बोलणं समजावं. मायला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. मी निघालो तेव्हा ती गोठ्यात शेण भरत होती. शेणाचे हात माझ्या नव्या सदऱ्याला लागू नयेत म्हणून तिनं मला कोपरांनीच जवळ घेतलं.

मास्तर पुण्याकडचे. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की खिडकीतली चिमणी उडून जायची. टेबलावर मारायला निर्गुडीचा हिरवा फोक ठेवलेला. आमच्या ‘मले-तुले’ची त्यांना मनस्वी चीड होती. “मले नाही, मला! तोंडात जीभ आहे की नांगराचा फाळ?” असं म्हणून ते फोक उचलायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तकात एक नवी गोष्ट निघाली. थंड मुलखातलं एक घर. बाप मासे धरायला समुद्रावर गेलेला, माय अंथरुणाला खिळलेली, एक मुलगा आणि त्याची लहान बहीण. माय मुलाला म्हणते, जरा दूध घेऊन ये. मुलगा निघतो. वाटेत गोठलेल्या तळ्यावर पोरं घसरत खेळत असतात, तिथं तो रेंगाळतो. दूध घेऊन परत येतो तर बहीण दारात उभी. आणि मग शेवटची ओळ येते, ‘मदर वॉज डेड.’ बस, गोष्ट संपली.

गोठलेलं तळं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी तरी कुठं पाहिलं असणार! पण ती दारातली बहीण सगळ्यांना दिसली.

मला मात्र भेव वाटलं ते वेगळ्याच कारणानं. ही ओळ मला उभं राहून म्हणावी लागणार होती. आपल्या घरची म्हणून.

आमच्या घरी कुणी काय बोलावं याचा कारभार मोठ्या मायकडं होता. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. घरात कुणी रागानं नुसतं ‘मरू दे’ म्हटलं तरी ती हातातलं काम टाकून धावत यायची. “तोंड सांभाळ! वास्तू तथास्तु म्हनत असते. कवा म्हनन त्याचा नेम नाही.” वास्तू म्हणजे घराच्या भिंतीत बसलेलं काहीतरी. ते दिसत नाही, पण ऐकतं सगळं. माझा एक चुलतभाऊ कामाचा कंटाळा करून पाय मोडल्याचं सोंग घेऊन लंगडत होता, आणि त्याच महिन्यात खरोखरच बैलगाडीवरून पडून पाय मोडून बसला. मला तेवढा पुरावा पुरे होता.

शेजारच्या बाकावर एका मुसलमान कापडवाल्याचा मुलगा बसायचा. वर्गात सगळ्यात हुशार तोच. त्याला मी हळूच विचारलं, “काहून रे, इंग्रजीत म्हटलेलं वास्तूले समजन काय?”

तो विचारात पडला. “आमच्यात वास्तू नसते. पर बुरी बात मूँ से नहीं निकालना, असं अम्मी बी म्हनते.” मग माझं उतरलेलं तोंड पाहून त्यानं धीर दिला, “तिले इंग्रजी कुठून येईन बे?” आणि लगेच स्वतःच म्हणाला, “पन ही इमारत तं सरकारनं बांधली.”

झालं! सरकारी इमारतीची वास्तू. तिला इंग्रजी येणार नाही तर कुणाला येणार?

मास्तर रोज एकेक बाक संपवत होते. पोरं उठायची, दूध आणायला जायची, यायची, मदर वॉज डेड म्हणायची आणि खाली बसून नाक पुसायची. त्यांच्या माया घरी धडधाकट होत्या, पण त्यांच्या घरी मोठी माय नव्हती ना! मी सकाळी उठून पोट दुखतं म्हटलं, तर मामीनं मूठभर ओवा तोंडात कोंबून मला शाळेत लावून दिलं. रस्ताभर मी देवाला म्हणत होतो, आज मास्तरांनाच ताप येऊ दे. मग हेही वाईट बोलणंच झालं म्हणून घाबरून ते परत घेतलं.

त्या दिवशी दुपारच्या तासाला माझा बाक आला.

मी उभा राहिलो. बाप समुद्रावर गेला. माय अंथरुणावर पडली. दूध घेतलं. बहीण दारात आली. आणि माझं तोंड बंद झालं.

“पुढे,” मास्तर म्हणाले.

मला पुस्तकातली बाई दिसतच नव्हती. मला गोठ्यात शेण भरणारी माय दिसत होती.

“पुढे!” त्यांनी फोक उचलला.

“मदर...”

“मदर काय?”

“वॉज डेड.” शेवटच्या शब्दाला माझा आवाज असा कापला की मलाच तो ओळखू आला नाही.

मला वाटलं आता फोक बसतो. पण मास्तरांचा चेहरा फुलला. “शाबास! ऐकलंत, गाढवांनो? याला म्हणतात समजून वाचणं! तुम्ही सगळे बाजारभाव सांगितल्यासारखे सांगता. ये रे, पुढे ये. वर्गाकडे तोंड कर. पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं.

“मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जाऊ दे.”

तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलोच. त्याच क्षणाला वर आढ्यावर पाल चुकचुकली. बोललेलं खरं होणार असलं की पाल चुकचुकते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी वर पाहिलं. पाल खाली माझ्याकडंच पाहत होती. मी जीभ दाताखाली अशी चावली की रक्त आलं, पण आता जीभ चावून काय उपयोग! शब्द तर निघून गेला होता.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला वर्गाच्या दारात आमचा गडी येऊन उभा राहिला. हा बाबांकडं सालानं होता, मी रांगत होतो तेव्हापासून. त्याच्या डोक्याचा पटका मी कधी उतरलेला पाहिला नव्हता. आज तो हातात होता आणि डोकं उघडं. मी तेवढ्यावरूनच समजलो.

“काय पाहिजे?” मास्तरांनी विचारलं.

“पोराले न्याले आलो जी,” तो जमिनीकडं पाहत म्हणाला. “त्याची माय गेली.”

मास्तर खुर्चीवरून उठले. हातातला फोक त्यांनी टेबलामागं ठेवला. “जा, बाळ,” ते म्हणाले. या माणसानं मला बाळ म्हटलं! तेही घाबरले आहेत, असंच मला वाटलं. कालची पाल त्यांनीही ऐकली असणार.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. खोटं कशाला सांगू, दुःख झालंच नाही. दुःखाला आत जागाच नव्हती, सगळं अंग भेवानं भरलं होतं. मायला मीच मारलं होतं. एकदा म्हणून भागलं नाही, तीनदा म्हणून मारलं, आणि वर शाबासकी घेतली.

गडी पहाटेच कापूस घेऊन जिनात आला होता. रिकाम्या गाडीत जागोजागी कापसाचे पुंजके अडकलेले होते. मी त्यातच बसलो. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मला एकदम आठवलं. “मामाले सांगतलं?”

“सांगतलं ना. जिनातच भेटले. लय रडले.”

“मंग ते काहून नाही आले?”

त्यानं बैलांच्या शेपट्या उगाच पिरगाळल्या. “त्याइले काम हाय.”

सख्खी बहीण मेली आणि मामाला काम आहे? मी विचार करकरून एकाच ठिकाणी येऊन पोहोचलो. मामाला कळलंय. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, तुझा भाचा काल वर्गात काय ओरडला ते. त्याला आता माझं तोंड पाहायचं नाही. मी गाडीत आणखी आकसून बसलो.

“रडून घे, बापू,” गडी म्हणाला.

मी मान हलवली. रडायचं कसं तेच मला सुचत नव्हतं.

थोडं पुढं गेल्यावर तो पुन्हा वळला. “आता तरी रड. थोडसंक.” मग तो मला मुद्दाम एकेक आठवण सांगायला लागला. तुले गोवर निघाला तवा माय रातभर कडुनिंबाचा पाला हालवत बसली होती. तुले बोरं आवडतात म्हनून बांधावरची बोर तिनं तोडू देली नाही. सांगता सांगता त्यानंच पटक्यानं डोळे पुसले, पण मी कोरडाच.

“कसं पोट्टं हाय बाप्पा!” तो वैतागून बैलांना म्हणाला. “माय मेली तरी रडत नाही. इकडं माह्या जिभेले गाठ मारली हाय, मी काय करू?”

नाल्यावर त्यानं बैल सोडले, भाकरी काढली, ठेचा काढला आणि खाऊ लागला. सुतकाच्या घरचा माणूस ठेचा-भाकरी खातो! मला दिली, ती मी हातात धरून बसलो. ऊन चांगलं तापलं होतं तरी मला थंडी वाजत होती. घरात मी थोरला. अग्नी मलाच द्यावा लागणार. मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं आणि मग उलट्या हातानं तोंडावर मारत बोंब ठोकायची. ज्या तोंडानं ते म्हटलं, त्याच तोंडानं! मला वाटलं, मी तोंड उघडलं की बोंब निघणार नाही, इंग्रजीच निघेल. आणि सगळ्या गावाला समजेल.

“बापू, तुह्या पाया पडतो,” गाव दिसायला लागल्यावर गडी अगदी काकुळतीला आला. “आता तरी रड.”

सांज होत आली होती. आमच्या दारात गर्दी नव्हती. बाहेर विस्तवाचं मडकं नव्हतं, बायांचं रडणं नव्हतं. म्हणजे उशीर झाला. मला न थांबता घेऊन गेले तिला. मी गाडीतून उतरलो, दोन पावलं पुढं गेलो, आणि जागीच खिळलो.

माय ओट्यावर बसून सुपात डाळ निवडत होती.

मेलेलं माणूस सांजच्या वेळी आपल्या घरी येतं, हे मला माहीत होतं. ते कसं ओळखायचं तेही माहीत होतं. पण तिचे पाय लुगड्याखाली झाकलेले होते.

“आला का रे?” ती म्हणाली. “असा काहून पाहून राह्यला?”

“पाय दाखव,” मी कसंबसं म्हटलं.

“काय?”

“पाय दाखव, माय!”

ती गोंधळली. सूप बाजूला ठेवून तिनं लुगड्याचा काठ जरासा वर केला. पाय सरळ होते. तेच भेगाळलेले, तीच झिजलेली जोडवी.

तेवढ्यात मोठी माय घरातून लगबगीनं बाहेर आली. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. गड्याला विचारलं, “रडला?”

“नाही ना, बाई. एक थेंब नाही. साऱ्या रस्त्यानं सांगून राह्यलो.”

मग एकेक उलगडलं. माय विहिरीवर पाणी शेंदत असताना तिच्या डोक्यावर कावळा येऊन बसला होता. बसला आणि टोच मारून गेला. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरणाचं बोलावणं. त्याला आमच्याकडं एकच तोड. ते माणूस मेलं म्हणून त्याच्या रक्ताच्या माणसांना खोटा निरोप धाडायचा. ती खरं समजून रडली की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते आल्या वाटेनं निघून जातं. मात्र डोळ्यांतून पाणी पडेपर्यंत निरोप्यानं खरं सांगायचं नाही, नाहीतर सगळं वाया. शेलूबाजारला मावशीकडं दुसरा माणूस गेला होता, ती ऊर बडवून रडली. मामा जिनात रडला, मग खरं ऐकून गड्याला दोन शिव्या हासडून कामाला लागला. पोराले सांगू नका, भेईन तो, असं माय म्हणत होती. पण मोठी माय कसली ऐकते! पोटच्या पोराच्या आसवाले वजन असते, म्हणाली.

“कवा बसला कावळा?” मी विचारलं.

“काल. दोनपारी.”

आमचा इंग्रजीचा तास दुपारचाच.

ओट्याभोवती शेजारच्या बाया जमल्या होत्या. रडला नाही, रडला नाही, अशी कुजबूज चालली होती. माय माझ्याकडं पाहत होती. तिला कावळ्याचं काही वाटत नव्हतं, हे मला तेव्हाही दिसलं. तिला दुसरंच लागलं होतं.

“माह्यासाठी रडला नाही तू?” ती हळूच म्हणाली.

आणि मग माझा बांध फुटला. “म्याच मारलं तुले, माय! इंग्रजीत मारलं!”

कुणाला काही समजेना. मी हुंदके देत देत सगळं सांगितलं. दूध, दारातली बहीण, ती ओळ, मास्तरांची शाबासकी, आढ्यावरची पाल. सांगताना नाकातोंडातून पाणी वाहत होतं. मायनं मला ओढून घेतलं, या वेळी दोन्ही हातांनी. तिच्या हाताला डाळीचा कोंडा होता, तो माझ्या सगळ्या तोंडाला लागला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

“रडला! पाहा, रडला!” मोठी माय ओरडली. “झालं. फिटलं. आता हिले शंभर वर्सं मरन नाही.”

गड्यानं मोठा सुस्कारा सोडला. पटका झटकला, नीट डोक्याला बांधला, आणि माझ्यासमोर येऊन, निरोप पुरा करायचाच म्हणून, गंभीरपणे म्हणाला, “बापू, तुही माय जित्ती हाय बरं.”

शाळेत परत गेलो तेव्हा मास्तरांनी मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. मी खरं सांगितलं. कावळा ऐकून ते इतके लाल झाले की विचारू नका. “उभा राहा! सांग ती गोष्ट!” मी उभा राहिलो. माझं भेव कुठल्या कुठं पळालं होतं. मरणाची खोटी बातमी बोलली की आयुष्य वाढतं, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, “मदर वॉज डेड!” मनात आलं, आणखी दहा वर्षं घे, माय.

“आवाज का कापत नाही?” मास्तर म्हणाले, आणि तळहातावर फोक बसला. बसू दे म्हटलं.

पुढं मी स्वतःच इंग्रजीचा मास्तर झालो, दुसऱ्या गावी. लढाई चालू होती त्या काळात एक दिवस घरी तार आली. तार इंग्रजीत. मदर एक्स्पायर्ड. बायकोला अर्थ सांगितला तशी ती मटकन खाली बसून रडायला लागली. मी रडलो नाही. तिला म्हटलं, “घाबरू नको. कावळा बसला असेल.” ती माझ्या तोंडाकडं पाहतच राहिली. तू रडलीस तेवढं पुरे, असंही मी तिला म्हणालो.

मी निघालो. मोटारीच्या अड्ड्यावर मायसाठी बत्तासे घेतले. तिचे दात गेले होते आणि बत्तासे तोंडात विरघळतात म्हणून. उतरल्यावर पुढं गाडी करून गावात आलो. लहानपणी याच रस्त्यानं भेवानं अर्धमेला होऊन आलो होतो, त्याचं मला वाटेत हसू येत होतं. ओट्यावर बसली असेल. आला का रे, म्हणेल.

दारात गर्दी होती. बाहेर मडक्यात विस्तव धुमसत होता. लोकांनी मला वाट करून दिली. मी आधी तिचे पाय पाहिले. ते सरळ होते, आणि दोन्ही अंगठे दोऱ्यानं बांधलेले.

ओट्याच्या कडेला आमचा गडी उभा होता. पार थकलेला. पटका हातात, डोकं उघडं. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “रडून घे, बापू.”

मी रडलो. खूप रडलो. मग डोळे पुसून त्याच्या तोंडाकडं पाहत उभा राहिलो, आता तो पुढचं सांगेल म्हणून.